मार्चअखेरची देणगी कुणाला? स्वातंत्र्य आणि खुल्या बाजारासाठी काम करणाऱ्या संस्थांना सीमाभागातून हातभार लावताना

मी बेळगावात लोकांचे जमाखर्च लिहितो, आयकराची विवरणं भरतो. मार्च आला की एक ठरावीक प्रकारचा माणूस टेबलासमोर येऊन बसतो. कागद झाले, चहा झाला, तरी उठत नाही. मग हळूच विचारतो, "सर, ते शेतकऱ्याला, धंदेवाल्याला मोकळं सोडा म्हणणाऱ्या संस्था असतात नव्हं, त्यांना काहीतरी द्यावं म्हणतोय. कुणाला देऊ?" देवळाला, शाळेला, गोशाळेला द्यायचं असेल तर मला कुणी विचारत नाही. हे विचारावं लागतं, कारण इथलं काम डोळ्याला दिसत नाही. देवळाचा कळस दिसतो. रद्द झालेलं परमिट कुणाला दिसणार?

या प्रश्नाला वेळोवेळी जी उत्तरं दिली ती इथे एकत्र लिहितोय. काही आपल्या भागापुरतीच आहेत, कारण बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडीच्या माणसाची अडचण पुण्या-मुंबईच्या माणसासारखी नसते. आपल्याला सरकारं दोन, भाषा दोन, आणि उसाला कारखानेही दोन्ही बाजूंचे.

पहिली पायरी: आपलं दुखणं कुठलं ते ठरवा

आमचे काका कडोलीला भाजी करतात. कोबी, फ्लॉवर, अधूनमधून बटाटा. मार्केटला माल घातला की जी पट्टी मिळते ती ते शर्टाच्या खिशातून घरी आणतात, घामाने ओली झालेली, आणि माझ्यापुढे ठेवतात. वर मालाचं वजन आणि भाव, खाली वजावट: हमाली, तोलाई, आडत, गाडीभाडं आणि शेवटच्या ओळीत 'इतर'. काका दर वेळी त्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, "हे इतर म्हंजे कोण रे बाळ? मला कधी भेटला नाही त्यो." मी पंचवीस वर्षं हिशोब लिहितोय, पण मलाही तो भेटलेला नाही.

काकांचं दुखणं बाजाराचं आहे: माल कुठे विकायचा, कुणाला विकायचा, कापून किती घ्यायचं, हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. तुमचं वेगळं असू शकेल. गणपत गल्लीत हातगाडी लावणाऱ्या बाईचं दुखणं पथविक्रीच्या परवान्याचं. छोटी शाळा चालवणाऱ्याचं मान्यतेच्या फायलीचं. पोराला पोस्ट टाकल्याबद्दल ठाण्यात बोलावणं आलं असेल तर ते अभिव्यक्तीचं. दोन्ही राज्यांत जमीन असलेल्या घरांचं जमीन कायद्याचं: कर्नाटकाने २०२० साली बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता न येण्याची अट काढून टाकली, महाराष्ट्रात ती आहे. एकाच घरातल्या दोन भावांच्या सातबारा आणि उताऱ्याचे नियम वेगळे.

संस्था शोधण्याआधी असं एकच दुखणं निवडा. 'स्वातंत्र्यासाठी' म्हणून दिलेले पाच हजार कुठे जातात ते देणाऱ्यालाही कळत नाही. 'पथविक्रेत्यांच्या कायद्याच्या कामासाठी' म्हणून दिले तर वर्षाने विचारता येतं, काय झालं?

हा विचार आपल्याकडे नवा नाही

हे थोडं विस्ताराने सांगतो, कारण 'खुला बाजार' म्हटलं की आपल्याकडे लोक पटकन म्हणतात, ही दिल्ली-मुंबईच्या सुटाबुटातल्यांची गोष्ट.

निपाणीला १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले. घामाचा दाम मागायला. रस्त्यावरच गाव वसलं, त्याला आंदोलननगर म्हणायचे. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. आंदोलनाचं नेतृत्व शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं होतं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही तिची घोषणा. त्यातला 'भीक नको' हा अर्धा भाग लोक विसरतात. जोशींचं म्हणणं सबसिडी वाढवा असं नव्हतंच. सरकार निर्यातबंदी, लेव्ही (ठरल्या भावात सरकारला माल द्यायची सक्ती), झोनबंदी (भागाबाहेर माल न्यायला बंदी) लावून भाव पाडतं, ते थांबवा, असं होतं. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला देशातल्या बहुतेक शेतकरी संघटना जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात उभ्या असताना हे गृहस्थ बाजूने उभे राहिले.

निपाणीच्या पलीकडे अर्ध्या तासावर कागल. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सुरुवातीचं शिक्षण तिथलं. उदारमतवाद हा शब्द मराठीत ज्यांच्या नावाने रुळला त्यांच्यातले एक आपल्या उंबऱ्यावर शिकले. तेव्हा देणगी मागायला येणारा कार्यकर्ता 'पाश्चात्त्य विचार' म्हणून अपराधी चेहरा करत असेल तर त्याला चहा पाजा आणि ही दोन नावं सांगा.

सीमाभागात शेतकरी चळवळीचे दोन प्रवाह एकमेकांना भेटतात, हेही ध्यानात ठेवा. खांद्यावर हिरवी शाल असलेला कर्नाटक राज्य रयत संघ आणि छातीवर लाल बिल्ला असलेली शेतकरी संघटना. दोन्ही शेतकऱ्यांच्याच, पण बाजाराबद्दलची मतं बरोबर उलटी. रयत संघाचे नंजुंडस्वामी बहुराष्ट्रीय बियाणे कंपन्यांच्या विरोधात उभे राहिले. २०१९ला अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने बंदी असलेलं जनुकीय सुधारित कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. 'शेतकऱ्यांची संघटना' एवढ्यावर पावती फाडली तर तुमचे पैसे तुमच्याच मताच्या विरोधात खर्च होतील.

दुसरी पायरी: संस्था किती तऱ्हेच्या ते ओळखा

विचार पसरवणाऱ्या संस्था जुन्या आहेत. मुंबईची फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज १९५६ साली ए. डी. श्रॉफ यांनी काढली. गंमत म्हणजे उद्योगपतींनीच मांडलेल्या ज्या 'बॉम्बे प्लॅन' या आर्थिक आराखड्यात सरकारला मोठी भूमिका दिली होती त्यावर सही करणाऱ्यांत श्रॉफही होते. नंतर दिशा बदलली आणि छोट्या पुस्तिका, व्याख्यानं असं काम उभं राहिलं. नानी पालखीवालांच्या बजेटवरच्या भाषणांना ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं, तीही याच फोरमची. राजकारणात याच सुमारास, १९५९ला, राजाजी आणि मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष आला. १९६७ला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या आणि पुढच्या काही वर्षांत तो विरला.

धोरणावर काम करणाऱ्यांत दिल्लीची सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी. पार्थ शाह यांनी १९९७ला सुरू केली. फेरीवाले, कमी फीच्या खाजगी शाळा, शिक्षणात पालकाला निवड, असे विषय. भारतीय उदारमतवाद्यांचं जुनं लेखन 'इंडियन लिबरल्स' नावाने त्यांनीच ऑनलाइन ठेवलंय, फुकट. बेंगळुरूची तक्षशिला इन्स्टिट्यूशन सार्वजनिक धोरण शिकवते. ती निव्वळ खुल्या बाजाराची प्रचारक संस्था नाही, पण ज्याला नीट युक्तिवाद करायला शिकायचंय त्याने तिचे अभ्यासक्रम जरूर बघावेत.

चळवळीतल्यांत शेतकरी संघटना आहेच. अमर हबीब यांचं किसानपुत्र आंदोलन सीलिंग (जमीनधारणेची मर्यादा), आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा म्हणतं. १९ मार्चला लोक एक दिवस अन्नत्याग करतात, तो १९८६ला कुटुंबासह जीवन संपवलेल्या यवतमाळच्या साहेबराव करपे यांच्या आठवणीसाठी. यात पैसे लागत नाहीत, एक दिवस लागतो.

व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू वेगळी. जयप्रकाश नारायणांनी आणीबाणीत, १९७६ला, उभी केलेली नागरी हक्कांची संघटना पीयूसीएल, इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणारी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन. आर्थिक प्रश्नांवर यांच्यातल्या अनेकांची मतं तुमच्याशी जुळणार नाहीत. चालतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ला सांगितलं, त्या खटल्यातले अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्या निकालाचा फायदा डाव्याला किती आणि उजव्याला किती, असा हिशोब कुणी मांडला नाही.

राजकीय पक्षाला द्यावं का? मी सहसा नको म्हणतो. एक तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमाखाली नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, म्हणजे खुल्या बाजाराचा पक्ष काढायचा तर पहिल्याच कागदावर खोटं. दुसरं, कधी नाव न ऐकलेल्या पक्षाला चेक द्यायचा, कमिशन कापून रोख परत घ्यायची आणि शंभर टक्के वजावट दाखवायची, असा धंदा चालतो. आयकर खातं अशा दाव्यांच्या मागे लागलेलं आहे. कुणी तुमच्याकडे असली 'स्कीम' घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तिसरी पायरी: पारख

कागदांची पारख सोपी आहे. संस्थेचा पॅन, आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) नोंदणी, मागच्या दोन-तीन वर्षांचा ऑडिट केलेला ताळेबंद. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव आहे का ते बघा. यातलं काही मागितल्यावर समोरचा "विश्वास नाही का आमच्यावर" म्हणाला, तर उत्तर 'नाही' असंच द्यायचं.

विचारांची पारख अवघड. माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत.

संस्था बाजाराच्या बाजूची की व्यापाऱ्याच्या? दोन्ही एकच वाटतं, पण नाही. बेळगावात भाजीचा घाऊक बाजार एपीएमसीच्या (सरकारी कायद्याखालच्या बाजार समितीच्या) आवारात हवा की खाजगी जागेत, यावरून काही वर्षं रणं माजली. व्यापाऱ्यांचा एक गट एकीकडे, दुसरा दुसरीकडे, प्रत्येकजण शेतकऱ्याचं नाव घेणार. खुल्या बाजाराची संस्था असेल तर ती म्हणेल, दोन्ही चालू देत, काकांना जिकडे 'इतर' कमी लागेल तिकडे ते जातील. 'आमचंच चालू ठेवा' म्हणणारी संस्था कुणाची तरी वकील असते. वकिलाची फी पक्षकाराने द्यावी, आपण नव्हे.

दुसरा प्रश्न, नावडत्या माणसाचं स्वातंत्र्य तिला चालतं का? सीमाभागात याची कसोटी पाटीवर लागते. कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं. आपल्याला ते खटकतं. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी पाटी सक्तीची आहे, ती मात्र गोड लागते. पाटी कुठल्या भाषेत लावायची हे दुकानदाराने ठरवावं, असं दोन्हीकडे म्हणणारा माणूस स्वातंत्र्यवादी. बेळगावात सक्ती नको आणि पुण्यात हवी, असं म्हणणाऱ्याला मराठीचा अभिमान आहे. तो रास्त असेलही, पण त्यासाठी वेगळ्या संघटना आहेत आणि त्यांना वेगळी पावती फाडावी. मी स्वतः दोन्ही पावत्या फाडत आलोय, आणि घरात यावरून माझी टिंगल होते.

तिसरा, सीमेपलीकडच्याचं नुकसान तिला दिसतं का? सप्टेंबर २०२३ला महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस न्यायला बंदीचा आदेश काढला आणि विरोध झाल्यावर काही दिवसांत मागे घेतला. कारखान्यांना ऊस कमी पडेल, हे कारण. कारखान्याला पुरेल म्हणून शेतकऱ्याला कोंडायचं. त्या वेळी कागल-चंदगडकडच्या ज्या शेतकऱ्यांचा ऊस आपल्याकडच्या कारखान्यांना येतो त्यांचं नुकसान होणार होतं. मराठी सरकारने मराठी शेतकऱ्याचंच. त्या आठवड्यात संस्था काय बोलली, ते तिच्या जुन्या पत्रकांत शोधा. काहीच बोलली नसेल, तर माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो, मी हात आखडता घेतो.

चौथी पायरी: पैसे देताना

करबचतीची भाषा आधी डोक्यातून काढा. ८०जीची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि आता बहुतेकांचं विवरण नव्या प्रणालीत जातं. जुन्यात असलात तरी अशा संस्थांच्या देणगीवर साधारणपणे निम्मी रक्कमच वजा होते. १०,००० दिले, ५,००० वजा झाले, वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट १,०४० रुपये वाचले. त्यासाठी कुणी देणगी देऊ नये. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत, पण संस्थेला '८०जी' म्हटलं की कळतं.

ज्यांना वजावट घ्यायचीच आहे त्यांनी दोन हजारांवर रोख देऊ नये, ती धरली जात नाही. नुसत्या पावतीवरही भागत नाही. संस्था आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण भरते आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र तुम्हाला देते, ते हवं. आजवर त्याला आपण १०बीई म्हणत आलो. मी स्वतः यात फसलोय. एका संस्थेच्या कार्यक्रमात भाषण ऐकून भारावलो आणि खिशातले साडेसात हजार रोख काढून दिले. पावती 'नंतर पाठवतो'. पावती आली नाही, फोन केले, मग फोनही उचलेनात. दुसऱ्याला सल्ला देणाऱ्या माणसाची ही अवस्था. वजावट गेली त्याचं काही नाही. ते पैसे संस्थेच्या वहीत चढले की नाहीत हेच मला कधी कळलं नाही.

एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा महिन्याला दोनशे, पाचशे अशी बँकेतून आपोआप जाणारी ठेवा. छोट्या संस्थेला जूनमध्ये पगार कसा करायचा याची काळजी असते, मार्चमध्ये सगळेच देतात.

घरातलं पोरगं परदेशात असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. दुबईत नोकरी, पण पासपोर्ट भारताचा, तर त्याने बँकेतून पाठवलेली स्वतःच्या कमाईची देणगी परकीय धरत नाहीत. पासपोर्ट बदलून ओसीआय (भारतीय वंशाची परदेशी नागरिक) झालेल्या मुलीने पाठवली तर ती परकीय निधी होते, आणि परकीय देणग्यांच्या कायद्याची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. संस्था या कारणाने अडचणीत येते, देणारा मजेत असतो. तेव्हा मुलीने कुठलाही ॲप उघडण्याआधी संस्थेला विचारावं.

पाचवी पायरी: पैशापेक्षा जे आपल्याकडेच आहे ते द्या

माझ्या मते सीमाभागातल्या माणसाची खरी किंमत इथे आहे. दिल्ली-बेंगळुरूच्या संस्थांकडे अहवाल लिहिणारी हुशार मुलं असतात. त्यांच्याकडे काकांची पट्टी नसते.

भाषेपासून सुरुवात करा. आपल्यातले कितीतरी जण मराठी बोलतात, कन्नड कळतं आणि वाचतातही. एखाद्या संस्थेला लिहा, 'तुमची फेरीवाल्यांच्या कायद्यावरची चार पानं मी मराठीत आणि माझा मित्र कन्नडात करून देतो.' अशी मदत पाच हजारांच्या चेकपेक्षा जास्त टिकते. करताना शब्द मार्केटातले वापरा. 'उदारीकरणोत्तर विपणन संरचना' असं लिहिलंत तर काका ती पट्टीसारखीच खिशात घालून घामात भिजवतील. 'माल कुठंबी घाला, कुणीबी घ्या' हे त्यांना कळतं. कन्नडातही 'मुक्त मारुकट्टे' म्हणण्याआधी अडत्याच्या गाळ्यावर लोक काय म्हणतात ते ऐकून या.

मग पुरावा. एका हंगामाच्या पट्ट्या जमवा, आपल्या आणि शेजाऱ्यांच्या. नावं झाकून फोटो काढा, वजावटीच्या प्रत्येक ओळीची बेरीज एका वहीत मांडा. मी काकांच्या पट्ट्यांची मांडली तेव्हा 'इतर' हा गाडीभाड्याच्या खालोखाल निघाला. हे पाहून काका दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे त्यो घरात जेवतोय की रे माझ्या!" शेजारी मात्र पट्ट्या द्यायला बिचकतात. अडत्याकडे उचल घेतलेली असते, त्याला कळलं तर? त्यांना जबरदस्ती करू नका, आणि ज्यांनी दिल्या त्यांची गावंसुद्धा लिहू नका.

पुढचं हत्यार माहिती अधिकार. कर्नाटकात याचे नियम थोडे वेगळे आहेत. अर्ज एकाच विषयावर हवा आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. अर्ज मराठीत देऊन भागत नाही. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे, म्हणजे इथे कन्नड. राग येतो, मलाही येतो, पण त्या रागात अर्ज फेटाळून घेऊ नका, कन्नड येणाऱ्या मित्राला बसवा. प्रश्न लहान ठेवा. 'शेतकऱ्याकडून विक्रीच्या वेळी कोणकोणती वजावट घेण्यास परवानगी आहे, कोणत्या आदेशाने?' एवढंच. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. फेरीवाल्यांचं काम असेल तर नगर विक्रय समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. पथविक्रेत्यांच्या २०१४च्या कायद्याप्रमाणे या समितीत चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेते हवेत. आहेत का, आणि बैठकीला बोलावतात का, हे खडे बाजारात उभं राहून दहा जणांना विचारलं तरी कळतं. इतिवृत्त हवं ते कागदोपत्री दाखवायला.

आणि डिसेंबर. बेळगावजवळ हलग्याला सुवर्ण विधानसौध, म्हणजे विधिमंडळाची इमारत, २०१२ला उभं राहिलं, तेव्हापासून बहुतेक वर्षी हिवाळी अधिवेशनाला सरकार आपल्या दारात येतं. आपण तेव्हा ट्रॅफिकला शिव्या देत बसतो. बेंगळुरूच्या संस्थेला त्या दिवसांत इथे एक माणूस हवा असतो: निवेदनाची प्रत पोचवणारा, आमदाराच्या सहायकाची वेळ घेणारा, पाहुण्याला स्टेशनवरून आणणारा. ऑक्टोबरमध्येच संस्थेला लिहून ठेवा की मी आहे. निवेदन एक पानाचं, कन्नडात, सोबत पट्ट्यांची बेरीज. धरणं धरायचं असेल तर पोलिसांची परवानगी आणि ठरवून दिलेली जागा लागते. त्या दिवसांत जमावबंदीचे आदेश कधी निघतील याचा नेम नसतो. माझा कल निवेदनाकडे. घोषणांच्या गर्दीत आपली घोषणा कोण ऐकतो?

मंडळ काढावं का?

चार डोकी जमली की पहिला विचार 'नोंदणी करूया' असा येतो. नको. कर्नाटकाच्या १९६०च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवायला सात जण लागतात, दरवर्षी निबंधकाकडे कागद भरावे लागतात, आणि अध्यक्ष कोण यावरून पहिलं वर्ष जातं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर किंवा वाचनालयाच्या खोलीत बसा. एक विषय घ्या, एकाने बाजूने बोलायचं, एकाने विरोधात, आणि पुढच्या महिन्यात बाजू बदलायच्या. आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त तापलेला विषय होता सौहार्द सहकारी संस्थांचा. १९९७च्या कायद्याने या संस्थांना सरकारी हस्तक्षेपातून बरीच मोकळीक दिली. ठेवी ठेवून हात पोळलेला एक जण म्हणाला, "हीच तुमची मोकळीक!" दुसरा म्हणाला, "सरकारी देखरेखीखालच्या सोसायट्या बुडाल्या नाहीत काय?" रात्री अकरापर्यंत निकाल लागला नाही, आणि चिवडा संपला.

बैठक कुणाच्या तरी कार्यालयात घेऊ नका. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या माणसाच्या हॉलमध्ये घेतली तर कन्नड मित्र येणार नाहीत, कन्नड संघटनेच्या जागेत घेतली तर घरचे विचारतील. वाचनालय बरं.

कधी थांबायचं

देणगी चालू करताना जेवढा विचार करतो तेवढा बंद करताना कुणी करत नाही, चिडून किंवा आळसाने बंद करतो. वर्षातून एकदा, विवरण भरताना, संस्थेचा अहवाल काढून तुमच्या त्या एका दुखण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. दोन वर्षं काहीच नसेल तर विचारा. उत्तर आलं नाही, किंवा तुम्हाला फेरीवाल्यांसाठी म्हणून दिलेल्या पैशांच्या बदल्यात परिषदेचे फोटो आले, तर हप्ता थांबवा आणि का थांबवला ते एका पानावर लिहून पाठवा. चांगल्या संस्थेला असं पत्र देणगीइतकंच उपयोगी पडतं. मला एकदा अशा पत्राला फोन आला होता आणि पुढच्या हंगामात त्यांचा एक मुलगा कॅमेरा घेऊन पहाटे साडेतीनला मार्केटात उभा होता. काकांनी त्याला चहा दिला आणि पट्टी हातात ठेवली.

"वाच बघू शेवटची ओळ," म्हणाले.